एटीआरची ऑफर, तीन वर्षांचा बाँड आणि ‘एअरबससाठी थांब’ म्हणणारे मित्र

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोवीस वर्षांचे, गाव खानदेशात. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, मिळून वर्ष होत आलं. दोनशेच्या थोडे वर तास आहेत, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवरून उडवायचं) झालंय, टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवायची परवानगी, नाही. शिक्षणासाठी पन्नास लाखांचं कर्ज काढलंय आणि घर तारण आहे. एका प्रादेशिक विमान कंपनीने एटीआर ७२ या प्रॉपेलरच्या प्रवासी विमानासाठी निवड केली आहे. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करणार आणि त्या बदल्यात तीन वर्षांचा बाँड, म्हणजे मधेच सोडलंत तर पैसे भरायचे. फ्लाइंग क्लबातले मित्र म्हणतात, “प्रॉपेलरवर गेलास की तिथेच राहशील, एअरबससाठी थांब.” एअरबस म्हणजे मोठं जेट. आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय, की या नोकरीत रोजचा दिवस नेमका कसा जातो.

मी बरीच वर्षं एटीआर उडवते आहे. सध्या कॅप्टन आहे आणि नव्या फर्स्ट ऑफिसरांना, म्हणजे को-पायलटांना, लाइन ट्रेनिंगही (प्रत्यक्ष प्रवासी फेऱ्यांवरचं प्रशिक्षण) देते. म्हणजे माझं मन एटीआरकडे झुकलेलं असणार, तेवढी वजावट करून वाचा.

तुमचे मित्र एटीआर आणि एअरबस अशी तुलना करताहेत, पण एअरबसची ऑफर तुमच्याकडे कुठे आहे? तुमच्यासमोर एका बाजूला आजची एटीआर आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘केव्हातरी येणारी’ एअरबस. त्या ‘केव्हातरी’ची किंमत कोण आणि किती महिने भरणार, हा खरा प्रश्न. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, १,६२२ सीपीएल दिले. त्यांतल्या ज्यांना लगेच नोकरी लागली नाही, ते सगळे तुमच्याच रांगेत आहेत, आणि दर महिन्याला मागून नवे येताहेत. त्यांचे तास तुमच्याइतकेच, फक्त ताजे.

हा ताजेपणा लोक हिशोबात धरत नाहीत. लायसन्स घरात ठेवून टिकत नाही. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, वेळच्या वेळी करावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी नव्याने चाचणीला येतं, आणि त्यासाठी विमान किंवा सिम्युलेटर आपल्या खिशातून भाड्याने घ्यायचं. पैशांचं एक वेळ बाजूला ठेवा. दीड-दोन वर्षं न उडवलेला मुलगा सिम्युलेटर चाचणीत बसला की पहिल्या दहा मिनिटांत कळतं. स्कॅन हळू झालेला असतो, म्हणजे नजर एका डायलवर अडकते आणि तेवढ्यात विमान भरकटतं. दोष त्याचा नसतो, पण निवड करणारा तरी काय करणार?

आता कर्ज. पन्नास लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण ६९,००० रुपये येतो. शिक्षण चालू असतानाचं व्याज मुद्दलात चढलं असेल तर त्याहून जास्त. घरातून हा हप्ता दोन वर्षं निघू शकत असेल तर थांबणं हा पर्याय आहे. वडिलांना त्यासाठी जमीन विकावी लागणार असेल, तर मित्रांचा सल्ला मित्रांनाच परत द्या. हे तुमच्या घरावर अवलंबून आहे आणि ते तुम्हीच जाणता.

आता ‘अडकण्या’बद्दल. लायसन्सवर टाइप रेटिंग ही एक नोंद असते. एटीआरची नोंद झाली म्हणून एअरबसची बंद होत नाही. पुढे एअरबसवर जायचं तर तिचं टाइप रेटिंग नव्याने करावं लागेल, जे तसंही करावंच लागलं असतं. फरक एवढाच, की तेव्हा तुम्ही दोनशे तासांचे नसाल. दोन पायलटांचं, तेवीस टन वजनाचं, प्रवासी घेऊन वेळापत्रकावर चालणारं विमान उडवल्याचे हजार-दोन हजार तास तुमच्या लॉगबुकात असतील. आज मोठ्या विमानांवर कॅप्टन असलेल्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची सुरुवात जेट एअरवेज किंवा किंगफिशरच्या एटीआरवर झाली आहे.

मग लोक अडकतात ते कशाने? कागदांनी. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे राजीनाम्यानंतर को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. बाँड याहून वेगळा, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बाँड संपला तरी नोटीस शिल्लक असते. दुसरी गोष्ट सीनिऑरिटी. एटीआरचा कॅप्टन एअरबसवर गेला की बहुतेक कंपन्यांत तो पुन्हा उजव्या सीटवर, फर्स्ट ऑफिसर म्हणून बसतो. पगार घटतो, मागून आलेला पोरगा यादीत वर असतो, आणि चाळिशीच्या आसपास हे सोसायचा कंटाळा येतो. हीच माणसं मग म्हणतात की आम्ही अडकलो. खरं तर त्यांनी डाव्या सीटच्या, म्हणजे कॅप्टनच्या, पगारात घर घेतलेलं असतं.

म्हणून कधी निघायचं, याचा विचार पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. माझ्या मते उडी मारायच्या दोन चांगल्या वेळा आहेत. एक, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स) हातात आल्यावर आणि कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळण्याआधी. तेव्हा गमवायला कमी असतं. दुसरी, कॅप्टन म्हणून हजारभर तास झाल्यावर, कारण तेव्हा कमांडचा अनुभव कागदावर दाखवता येतो. कमांड मिळून चार-सहा महिने झालेत आणि नवी कंपनी खुणावते आहे, ही सगळ्यांत वाईट वेळ. नोटीस वर्षाची आणि अनुभव मात्र कुणी मोजणार नाही इतका. ज्यांना आखातातल्या कंपन्यांची स्वप्नं आहेत त्यांनी त्यांच्या जाहिराती आत्तापासून नीट वाचाव्यात. विमानाचं किमान वजन किती, जेटचे तास मागितलेत का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

एटीपीएलसाठी दीड हजार तास लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. रात्रीचे शंभर तास लागतात, हे प्रादेशिक कंपनीत आल्यावर दोन वर्षांनी आठवतं! आपले बरेच छोटे विमानतळ दिवसाच चालतात. वॉच अवर्स संपले की टॉवर बंद. त्यामुळे तुमचे दीड हजार तास होतील तेव्हा रात्रीचे साठ-सत्तरच भरलेले असतील. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिल्याच महिन्यात सांगते, की रोस्टरवाल्यांशी गोड बोला आणि संध्याकाळच्या हैदराबाद, बंगळुरूच्या फेऱ्या मागून घ्या. कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीचं, म्हणजे विमानाच्या प्रमुख वैमानिकाचं, काम केल्याचे तास असतात, त्यांची नोंद आणि सही त्याच दिवशी घ्या. कॅप्टन नोकरी सोडून गेल्यावर त्याच्या मागे सहीसाठी फिरणारे फर्स्ट ऑफिसर मी पाहिलेत. आणि एटीपीएलचे पेपर दुसऱ्या वर्षातच देऊन टाका. सीपीएलचा अभ्यास तोवर डोक्यात थोडाफार असतो.

विमान म्हणून एटीआर काय शिकवतं, यावर जरा थांबते, कारण हा भाग मला मनापासून आवडतो.

एटीआरमध्ये ऑटोपायलट आहे, ७२-६०० ला काचेचे पडदेही आहेत, पण ऑटोथ्रस्ट नाही. एअरबसमध्ये वेग सांभाळायचं काम बरंचसं यंत्रणा करते. इथे पॉवर लिव्हर तुमच्या हातात. अप्रोचवर, म्हणजे उतरायला खाली येताना, वारा बदलला की हात हलला पाहिजे. पॉवर कमी-जास्त केली की पंख्यांमुळे नाक बाजूला सरकतं, म्हणजे पायही जागे हवेत. मुख्य चाकं पंखांऐवजी पोटाखाली, जवळजवळ बसवलेली असल्याने आडव्या वाऱ्यात उतरताना विमान आळशीपणा माफ करत नाही. दिवसाला चार ते सहा लँडिंग होतात. आंतरराष्ट्रीय लांब पल्ल्यावरच्या फर्स्ट ऑफिसरला महिन्यात मिळणार नाहीत इतकी तुम्हाला कधीकधी एका आठवड्यात मिळतात. हाताला वळण लागतं ते असं.

मग हवामान. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट, आणि आपल्याकडच्या तासाभराच्या फेऱ्यांत आम्ही बहुतेक वेळा त्याहून बरंच खाली असतो. जेट पावसाळी ढगांच्या वरून निघून जातं. आम्ही जूनमध्ये सह्याद्री ओलांडताना त्याच ढगांच्या मधून वाट काढतो, रडारवर डोळे लावून. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते, म्हणजे नेमकी आमच्या क्रूझच्या उंचीवर. त्यामुळे बाहेर मे-जूनचा महाराष्ट्र असला तरी वर ढगात बर्फ धरतो. बर्फाची गोष्ट एटीआरवाल्याने हसण्यावारी न्यायची नसते. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत रोझलॉनला एटीआर ७२ बर्फामुळे पडलं आणि त्यानंतर पंखांवरचे बर्फ झटकणारे बूट, म्हणजे फुगणारे रबरी पट्टे, मोठे करण्यात आले. आमच्या प्रशिक्षणात बर्फातला किमान वेग आणि त्यातून बाहेर पडायची पद्धत घोटून घेतात, ती या इतिहासामुळे.

दोन अपघात मी प्रत्येक नव्या फर्स्ट ऑफिसरला वाचायला लावते. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरचा उजवा पंखा उड्डाणानंतर लगेच आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेने वळून त्याची ओढ थांबली, आणि गडबडीत चालू असलेलं डावं इंजिन बंद करण्यात आलं. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सच्या एटीआरमध्ये फ्लॅपच्या लिव्हरऐवजी पंखे नियंत्रित करणारे कंडिशन लिव्हर ओढले गेले, दोन्ही पंखे फेदर झाले आणि विमानातले ७२ जण गेले. दोन्हीकडे विमानाने शेवटपर्यंत साथ देण्यासारखी स्थिती होती. म्हणून लिव्हरला हात लावायचा, नाव मोठ्याने घ्यायचं, दुसऱ्याने बघून ‘कन्फर्म’ म्हणायचं, मगच हलवायचा. तुम्हाला पहिल्या आठवड्यात हे शाळकरी वाटेल. माझ्यासोबत उडताना कुणी ‘कन्फर्म’ ऐकण्याआधी लिव्हर हलवला तर त्या दिवशी त्याला पुढची लँडिंग मिळत नाही.

आता निवड झाल्यावर काय होतं ते. आधी ग्राउंड स्कूल: विमानाच्या यंत्रणा, परफॉर्मन्स, धोकादायक माल, सुरक्षा, आपत्कालीन दरवाजे, सीआरएम (कॉकपिटमधला आपसातला समन्वय). मग सिम्युलेटर, जो भारतात मिळाला तर ठीक, नाहीतर अनेकांना एटीआरच्या सिंगापूरच्या केंद्रात पाठवतात. तिथे दिवसाला चार तासांचं सत्र असतं आणि त्यात इंजिन निकामी होण्याचे इतके प्रकार दाखवतात, की दोन्ही इंजिनं चालू असतानाचं उड्डाण चैनीचं वाटायला लागतं. स्किल टेस्ट झाल्यावर प्रत्यक्ष विमानावर लँडिंग, मग डीजीसीएकडून लायसन्सवर नोंद, मग सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रवासी फेऱ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत मागच्या जंपसीटवर आणखी एक पायलट सेफ्टीसाठी बसलेला असतो. शेवटी रूट चेक आणि लाइन रिलीज, म्हणजे नेहमीच्या फेऱ्यांवर मोकळं सोडणं. त्यानंतरही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, निवृत्तीपर्यंत. ज्याला परीक्षांचा तिटकारा आहे त्याने हा धंदाच निवडू नये.

ऑफर लेटरपासून लाइन रिलीजपर्यंत सहा महिने लागू शकतात, वर्षही लागू शकतं. सिम्युलेटरचे स्लॉट, ट्रेनिंग कॅप्टनांची संख्या, किती विमानं उडताहेत, यावर ते ठरतं. बऱ्याच ठिकाणी या काळात फक्त स्टायपेंड मिळतो आणि पूर्ण पगार रिलीजनंतर सुरू होतो. तुमचा हप्ता तोवर कसा भरणार? घरच्यांशी आत्ताच बोलून ठेवा.

दिवस कसा असतो, हे मी माझ्याच रोस्टरवरून सांगते. माझा बेस हैदराबाद, घर पुण्यात. पहाटेचा रिपोर्टिंग असेल तर चारच्या आसपास गाडी दारात. डिस्पॅचमध्ये पहिलं काम ब्रेथ अ‍ॅनलायझर. उड्डाणाआधी बारा तास दारू नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा औषधही चालत नाही. होमिओपॅथीचे थेंब आणि खोकल्याचं सिरप घेणाऱ्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. मग हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), इंधन. इंधनावर कॅप्टनशी चर्चा होते तेव्हा गप्प बसू नका. छोट्या विमानतळावरची दृश्यमानता अचानक घसरली तर पर्यायी विमानतळ कोणता आणि तिथे जाऊन घिरट्या घालायला किती तेल हवं, हे तुमचंही काम आहे.

मग फेऱ्या. हैदराबादहून जळगाव, जळगावहून गोवा, गोव्याहून परत, असं काहीतरी. जमिनीवर पंचवीस-तीस मिनिटं. एटीआर ७२ ला शेपटीकडच्या भागात एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन, नसतो. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवायचा आणि इंजिन चालू ठेवून वीज आणि हवा घ्यायची, याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. नाव हॉटेलचं असलं तरी मे महिन्यात जळगावला बाहेर ४४ अंश असताना कॉकपिटमध्ये बसून बघा. सामान पुढच्या कप्प्यात, प्रवासी मागच्या दारातून. शेपूट खाली बसू नये म्हणून मागे टेकू लावलेला आहे ना, आणि निघण्याआधी तो काढला ना, हे बघायचं. त्या उन्हात टेक-ऑफसाठी वजनाची मर्यादा खाली येते, मग कधी चार-पाच बॅगा उतरवाव्या लागतात, कधी माणसं. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर आहे आणि लक्षद्वीपच्या अगत्तीची १,२०० च्या आसपास. दोन्हीकडे विमान तेच असलं तरी आकडेमोड वेगळी. जेवण ट्रेमधलं, दोन फेऱ्यांच्या मध्ये, बहुतेक थंड. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर शक्यतो वेगवेगळं जेवण घेतात, विषबाधा झालीच तर एकालाच व्हावी म्हणून.

नियमांनी तुमच्या तासांवर मर्यादा घातली आहे. आठवड्याला ३५ आणि वर्षाला १,००० तास उड्डाण. लँडिंगची संख्या वाढली की ड्युटीची कमाल मर्यादा कमी होते, आणि आमच्यासारख्यांना ती मर्यादा लवकर भिडते. १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी सलग ४८ तासांची झाली. कागदावर बारा तासांचा फरक आहे, पण बेस एका गावात आणि घर दुसऱ्या गावात असणाऱ्यांना त्याचा अर्थ विचारा. आधी पुण्याला जाऊन झोप काढेपर्यंत परतायची वेळ व्हायची. आता एक पूर्ण दिवस घरी मिळतो.

प्रादेशिक नोकरीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. आमची रात्र बरीचशी रात्रच राहते. विमानतळच बंद होतात म्हटल्यावर तीन वाजता उड्डाण कुठून येणार? मोठ्या कंपन्यांतले माझे मित्र रात्री दोनला आखाताकडे निघतात आणि दिवसा पडदे लावून झोपतात. मी बहुतेक संध्याकाळी बेसवर परतलेली असते. पहाट मात्र आमच्या वाट्याला हमखास येते. गणपती, दिवाळी यांचं वचन घरच्यांना देऊ नका. सुट्टीचा अर्ज सगळेच एकाच आठवड्यासाठी करतात आणि नव्या माणसाचा नंबर शेवटी लागतो.

आता कंपनीबद्दल. तुम्ही तिचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. हा धंदा पातळ नफ्यावर चालतो. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्कात सूट आहे, चाळीस टनांच्या आतल्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी लागतो, आणि छोट्या शहरांना जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत ठरावीक मार्गांवर तीन वर्षं तूट भरून मिळते. या टेकूंवर बरेच मार्ग उभे आहेत. २७ एप्रिल २०१७ ला उडानचा आरंभ झाला तेव्हा नांदेड-हैदराबाद मार्गावर ट्रूजेट होती, आणि २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. तरीही नवे येतात: कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर, जी प्रादेशिक असूनही एम्ब्रेअरची जेट उडवते; गोव्याची फ्लाय९१, जी मार्च २०२४ पासून एटीआर उडवते आणि आपल्याकडे सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर असे मार्ग तिने जोडले. अलायन्स एअरने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई-अमरावती सुरू केलं. इंडिगोकडे २०१७ पासून एटीआरचा ताफा आहे आणि एअरबसचाही. अशा ठिकाणी निवड झाली असेल, तर आतल्या आत एअरबसवर बदली कधी आणि कोणत्या अटींवर होते हा पहिला प्रश्न विचारायचा.

तुमच्या कंपनीची नाडी बघायची असेल तर वेबसाइटवरचे फोटो सोडा. तिथे दुसऱ्या वर्षात असलेल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठा आणि विचारा: पगार ठरल्या तारखेला होतो का, पीएफ खात्यात जमा होतो का, ताफ्यातली किती विमानं उडताहेत आणि किती सुट्या भागांसाठी उभी आहेत, गेल्या सहा महिन्यांत त्याचे किती तास झाले. शेवटचा आकडा महत्त्वाचा. महिन्याला साठ-सत्तर तास मिळत असतील तर लाइन रिलीजनंतर दोन वर्षांच्या आत तुम्ही दीड हजारापर्यंत पोचता. वीस-पंचवीसच मिळत असतील तर तीन वर्षांचा बाँड संपेल तेव्हाही एटीपीएल दूर असेल, आणि मग मित्रांचं म्हणणं वेगळ्या कारणाने खरं ठरेल.

आणि बाँडचा कागद. तो वकिलाला दाखवा, दोन हजार रुपये जातील. मी स्वतः त्यात या गोष्टी शोधेन. तीन वर्षं कुठून मोजायची, रुजू झाल्यापासून की लाइन रिलीजपासून? रिलीजपासून असेल तर तो चार वर्षांचा बाँड समजा. रक्कम दर महिन्याला घटत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? घटत जाणारी रास्त. कंपनीने विमानं उभी केली, पगार दोन-तीन महिने थकला, तुमचं मेडिकल गेलं किंवा सिम्युलेटरमध्ये नापास झालात, तर बाँडचं काय? याबद्दल कागद गप्प असेल तर लेखी विचारा, फोनवर नको. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार आहेत का, कोरे चेक मागताहेत का? मूळ लॉगबुक आणि मार्कशीट कुणाकडे ठेवू नका. टाइप रेटिंगची नोंद मात्र एकदा झाली की ती तुमच्या लायसन्सवर आहे. कंपनी बुडाली तरी ती जात नाही.

तर तुम्ही दिलेल्या माहितीवर माझं मत: कंपनी खर्च करते आहे, बाँड घटता आहे आणि तिथल्या मुलांना महिन्याला पन्नासच्या वर तास मिळताहेत, असं असेल तर घ्या आणि मित्रांना रुजू झाल्यावर कळवा. याउलट टाइप रेटिंगचे वीस लाख तुमच्याकडूनच मागताहेत आणि कंपनीकडे तीन विमानं आहेत, असं निघालं तर मी दुसरं कर्ज काढणार नाही. त्या वेळी इन्स्ट्रक्टर रेटिंग करून बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी शिकवायची नोकरी शोधणं जास्त शहाणपणाचं. तास वाढतात, थोडा पगार मिळतो आणि हात ताजा राहतो. एखाद्या मोठ्या कंपनीचं तारखेसह लेखी पत्र आधीच हातात असेल तर गोष्ट वेगळी. ‘एचआरमधल्या ओळखीच्याने सांगितलंय’ हे पत्र नव्हे.

ऑफरला उत्तर द्यायची मुदत तुम्ही दहा दिवसांची लिहिली आहे. त्यातले पहिले दोन दिवस त्या दुसऱ्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला शोधण्यात घालवा. तो कोणत्या ना कोणत्या फ्लाइंग क्लबातून आलेला असणार, तुमच्या इन्स्ट्रक्टरला विचारलंत तर नंबर मिळेल. आणि क्लास वनची तारीख बघून ठेवा. ट्रेनिंगच्या मध्येच ते संपत असेल तर त्याची अपॉइंटमेंट आजच घ्या.